मुलं इनस्क्रिप्ट कीबोर्ड कधी उचलतात?



शाळेच्या संगणक कक्षात आठवीच्या मुलांना एक साधं काम देऊन बघा. 'काल काळे ढग आले आणि कळी गळून पडली' एवढं एकच वाक्य मराठीत टाइप करायला सांगा. बहुतेक मुलं इंग्रजी अक्षरांनीच सुरुवात करतील. के, ए, एल मारलं की खाली यादी उघडते: काल, काळ, कल, कळ. त्यातलं एक उचलायचं आणि पुढे जायचं. काही मुलं तर म्हणतील, "सर, मोबाइलवर बोलून टाकू का?"

या मुलांना आपण म्हणतो, "अरे, मराठीचा वेगळा कीबोर्ड असतो, इनस्क्रिप्ट. तो शिका." मुलं मान डोलावतात. पुढच्या तासाला पुन्हा के, ए, एल.

यात मुलांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. हाताला जे येतं, चालतं आणि मित्र वापरतात, ते सोडून कुणी अवघड वाट का धरेल? तरीसुद्धा काही विद्यार्थी वेगळा कीबोर्ड शिकतात आणि पुढे तो त्यांच्या हातात बसतोही. ते का आणि कधी शिकतात, हे समजलं तर आपल्या शाळेत काय करायचं ते ठरवता येतं. आजचा लेख त्यासाठीच.

आधी कीबोर्डची ओळख

इंग्रजी कीबोर्डची मांडणी, म्हणजे क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय, १८७० च्या दशकात अमेरिकेत टाइपरायटरसाठी झाली. मराठीचा तेव्हा कुणी विचार करण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे देवनागरीचे टाइपरायटर आले, त्यांची मांडणी यंत्राच्या सोयीची होती. अर्ध्या अक्षरांना वेगळ्या कळा, आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण कागद पुढे सरकत जाणार. या धाटणीला आपण रेमिंग्टन म्हणतो. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या मशीनवर ज्यांनी बोटं बडवली आहेत त्यांना ती आजही झोपेत येते.

संगणक आल्यावर भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी एक समान मांडणी तयार केली, १९८८ मध्ये ती सुधारली आणि १९९१ मध्ये ती भारतीय मानकात आली. तीच इनस्क्रिप्ट. विंडोज असलेल्या तुमच्या शाळेतल्या प्रत्येक संगणकात ती आधीपासून आहे, विकत काही घ्यावं लागत नाही.

भाषेच्या शिक्षकाने ती एकदा तरी नीट न्याहाळावी, कारण तिच्यात आपली वर्णमाला बसवलेली आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताकडे. 'के'च्या कळेवर क, तीच कळ शिफ्टसह मारली की ख. तिच्या वरच्या 'आय'च्या कळेवर ग आणि शिफ्टने घ. शेजारी 'एल'वर त-थ, वर 'ओ'वर द-ध. सेमीकोलनवर च-छ, वर 'पी'वर ज-झ. त्याच्या पुढच्या कळेवर ट-ठ, वर ड-ढ. 'एच'वर प-फ, वर 'वाय'वर ब-भ. म्हणजे प्रत्येक वर्गातली पहिली चार व्यंजनं दोनच कळांवर, एकाखाली एक. अल्पप्राण साधं मारायचं, महाप्राणाला शिफ्ट. पाचवीत वर्ग शिकवताना फळ्यावर जो तक्ता काढतो तोच इथे थोडा तिरका करून ठेवलाय.

मात्रांचंही तसंच. 'ई'च्या कळेवर काना, शिफ्टने आ. 'आर'वर दुसरी वेलांटी, शिफ्टने ई. 'एफ'वर पहिली वेलांटी, शिफ्टने इ. आणि मधल्या ओळीत डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली, 'डी'वर, हलन्त. जोडाक्षराची गुरुकिल्ली म्हणजे ही कळ. 'पत्र' लिहायचं तर प, त, हलन्त, र. मुलाला जोडाक्षर फोडता येत असेल तरच ते टाइप होतं. व्याकरणाच्या तासाला जे आपण तोंडी विचारतो, ते इथे बोटं विचारतात.

सगळंच गुळगुळीत आहे असंही नाही. म, न, व ही व्यंजनं डाव्या हाताकडे गेली आहेत. त्यामुळे 'मानव' हा अख्खा शब्द डाव्या हाताने मारावा लागतो आणि उजवा हात नुसता बसून राहतो. ज्याने मांडणी केली त्याच्याही जागा संपल्या असतील, दुसरं काय!

वेग वाढतो असं सांगून मूल वळत नाही

आपण शिक्षक पहिली चूक इथे करतो. "इनस्क्रिप्टने वेग वाढतो," असं सांगतो. मूल हुशार असतं, ते लगेच करून बघतं. 'विद्यार्थी' हा शब्द इंग्रजी अक्षरांनी लिहायला नऊ कळा आणि एक निवड. इनस्क्रिप्टने व, पहिली वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दुसरी वेलांटी अशा दहा कळा, वर 'थ'ला शिफ्ट. मग फायदा कुठाय? आणि पहिल्या दिवशी तर तो एक शब्द शोधायलाच मिनिट जातं.

हाच अनुभव जगात इंग्रजीच्या बाबतीत येऊन गेला आहे. ऑगस्ट ड्वोराक हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांचे मेहुणे विल्यम डीली यांनी १९३६ मध्ये नव्या मांडणीचं पेटंट घेतलं. इंग्रजीत जी अक्षरं जास्त येतात ती मधल्या ओळीत आणली. विचार पटण्यासारखा होता. पण ती मांडणी शाळा-कचेऱ्यांत रुजली नाही. १९५६ मध्ये अमेरिकी सरकारने टायपिस्टांवर चाचणी घेतली, तिच्यातही जुन्यांना नवी मांडणी शिकवण्याचा खर्च भरून निघेल असं काही दिसलं नाही. पुढे अर्थशास्त्रज्ञांत यावरून वाद झाले. पॉल डेव्हिड यांनी १९८५ मध्ये लिहिलं की जग जुन्या मांडणीत अडकून पडलं. लायबोविट्झ आणि मार्गोलिस यांनी १९९० मध्ये उलट बाजू मांडली की नवी मांडणी फार सरस होती हेच मुळात सिद्ध नाही.

या वादाचा निकाल आपल्याला लावायचा नाही. आपल्या कामाची गोष्ट एवढीच, की ज्याच्या बोटांना एक सवय लागलेली आहे त्याला नवी मांडणी आधी हळू करते. कितीही चांगली असली तरी. मूल कीबोर्ड निवडतं ते या हळू होण्याच्या दिवसांत त्याचं काय होतं यावरून. त्या दिवसांत त्याचं काम अडलं, गुण गेले, शेजारचा हसला, तर ते परत फिरतं. त्या दिवसांत हळू असणं चालून गेलं तर ते टिकतं. हे दिवस फार नसतात. रोज अर्धा तास बसलं तर पंधरवड्यात बोटांना जागा कळायला लागतात. पण तो पंधरवडा कुणीतरी सांभाळावा लागतो.

आपल्या जिल्ह्यात तो पंधरवडा कोण सांभाळतं?

पहिलं उत्तर शाळेत सापडत नाही, ते बसस्टँडजवळच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये सापडतं. दहावीचा शेवटचा पेपर झाला की संगमनेर, शेवगाव, श्रीरामपूर, कुठल्याही तालुक्याच्या गावी बघा, मुलं-मुली वही घेऊन तिथे निघालेली दिसतात. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा असते. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट हे प्रमाणपत्र लागतं. घरात कुणीतरी सांगितलेलं असतं, "काही नाही तर टायपिंग तरी करून ठेव."

आता या मुलांकडे नीट बघा. ज्या मांडणीचं त्यांनी नावही ऐकलेलं नसतं, अक्षरं ज्या कळांवर छापलेलीही नसतात, ती मांडणी ही मुलं सहा महिन्यांत आत्मसात करतात. तिथले बहुतेक सर मशीनच्या काळातले, त्यामुळे कित्येक ठिकाणी रेमिंग्टनच शिकवली जाते, जी इनस्क्रिप्टपेक्षा शिकायला अवघड. तरी जमते. कशामुळे? हातात नोकरीचं कारण आहे, हे खरंच. पण त्याहून मोठं म्हणजे तिथे हळू असणं हाच अभ्यासक्रम आहे. पहिला आठवडा सगळी बॅच तीच तीच ओळ बडवत असते. कुणी कुणाला हसत नाही, कारण सगळेच सारखे. एक तास फक्त तेवढंच काम, दुसरी घाई नाही. बापाने फी भरलेली असते, म्हणून बाप रोज विचारतोही.

आणखी एक गंमत इथेच दिसते. हीच मुलगी इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडली, मोबाइल काढला, की मैत्रिणीला इंग्रजी अक्षरांत 'कुठेयस' लिहून पाठवते. दोन्ही मांडण्या तिच्या हातात सुखाने नांदतात. नवीन कीबोर्ड शिकणं म्हणजे जुना सोडणं असं मुलांना वाटत असतं, आणि आपणही तसंच बोलतो. आजीशी एका भाषेत आणि साहेबांशी दुसऱ्या भाषेत बोलणाऱ्या मुलांना दोन कीबोर्ड जड नाहीत. "तुझं काही काढून घेत नाही," एवढं सांगितलं तरी निम्मा विरोध मावळतो.

दुसरं उत्तर छापखान्यात. लग्नपत्रिका, फ्लेक्स, दुकानाच्या पावत्या बनवणाऱ्या डीटीपीच्या दुकानात काम शिकायला गेलेला पोरगा तिथला मालक जी मांडणी वापरतो तीच शिकतो. तिचे गुण-दोष तो विचारत नाही. शेजारी बसलेला माणूस तीच वापरतो, अडलं की त्याला विचारता येतं, हे त्याला पुरतं. कीबोर्ड माणसाकडून माणसाकडे जातो. वर्गात एकट्या मुलाला वेगळी मांडणी शिकवली तर ती टिकत नाही याचं कारणही हेच असावं.

तिसरे विद्यार्थी फार थोडे, पण त्यांच्याकडून आपण सगळ्यात जास्त शिकावं: अंध आणि अल्पदृष्टी मुलं. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहायचं तर यादीतून शब्द निवडावा लागतो. दिसणाऱ्याला ती नजरेच्या टप्प्यात असते; ज्याला स्क्रीन रीडर वाचून दाखवतो त्याला एकेक पर्याय ऐकत बसावं लागतं. काल आणि काळ यांतला फरक ऐकून ओळखायचा, मग कल, मग कळ. इनस्क्रिप्टमध्ये यादीच नाही. एक कळ, एक अक्षर, लगेच कानात त्याचा उच्चार. 'एफ' आणि 'जे' या कळांवर बोटाला लागणारे उंचवटे असतात, तिथून सगळ्या जागा मोजता येतात. या मुलांसाठी 'वेगळा' कीबोर्ड हाच सरळ कीबोर्ड आहे. तुमच्या वर्गात असं एखादं मूल असेल तर त्याला आधी शिकवा आणि मग त्यालाच इतरांना शिकवू द्या.

राहता राहिली ती एक-दोन खटपटी मुलं, जी कुणी न सांगता काहीतरी वेगळं करून बघतात. प्रत्येक शाळेत असतात. त्यांना फक्त संगणकाची वेळ द्या. त्यांना बाकी आपली गरज नसते.

कळांवर काय छापलंय?

इथे जरा दूरच्या दोन देशांची गोष्ट सांगतो, कारण आपला प्रश्न त्यांनाही पडला होता.

तुर्कस्तानात १९५५ मध्ये इहसान सित्की येनेर यांनी तुर्की भाषेचा अभ्यास करून बसवलेली 'एफ' मांडणी देशाची अधिकृत मांडणी झाली. तुर्की टायपिस्टांनी तिच्यावर जागतिक स्पर्धाही जिंकल्या. पण नंतर घरोघर संगणक आले ते इंग्रजी धाटणीची मांडणी छापलेले. दुकानात जे मिळालं ते लोकांनी घेतलं आणि चांगली मांडणी असूनही ती मागे पडली.

दक्षिण कोरियात उलट झालं. त्यांच्या लिपीची मांडणी आपल्या इनस्क्रिप्टची चुलत बहीण शोभेल अशी आहे: व्यंजनं एका हाताला, स्वर दुसऱ्या हाताला. पण तिथे विकल्या जाणाऱ्या कीबोर्डवर इंग्रजीच्या जोडीला कोरियन अक्षरं छापलेली असतात. तिथल्या मुलाला आपण काही वेगळं शिकतोय असं वाटतच नाही.

आपल्याकडे? नगरच्या बाजारात जाऊन देवनागरी अक्षरं छापलेला कीबोर्ड मागून बघा. मुलासमोर जो कीबोर्ड येतो त्यावर एकही मराठी अक्षर नसतं. हा कीबोर्ड मराठीचा नव्हे, असंच ते रोज बघतं. म्हणून कळांवर लावायच्या पारदर्शक स्टिकरचा मी पुरस्कर्ता आहे. काही जाणकार म्हणतात, स्टिकर लावले की मुलं खाली बघूनच टाइप करतात, बोटांना जागा कळत नाहीत. बरोबर आहे. त्यावर उपाय सोपा, दुसऱ्या आठवड्यात हातांवर रुमाल टाकायचा. पण पहिल्या दिवशी स्वतःच्या भाषेची अक्षरं समोर दिसणं फार मोलाचं असतं.

मुलांना आधीपासून जे येतं त्यावर उभी असलेली मांडणी ती पटकन घेतात, याचं उदाहरण आपल्या राज्यातच आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या विभागात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोबाइलसाठी 'स्वरचक्र' तयार केलं. पडद्यावर व्यंजनं ओळीने, आणि एखाद्या व्यंजनावर बोट ठेवलं की त्याच्याभोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उघडते. क, का, कि, की. ज्याला बाराखडी येते त्याला ते समजावून सांगावं लागत नाही.

मग शाळेत काय करता येईल?

शिकवायची वेळ पाचवी-सहावी. आठवीत मोबाइलची सवय घट्ट झालेली असते, हळू होणं तेव्हा जास्त बोचतं. पाचवीच्या मुलाला इंग्रजी मांडणीही धड येत नसते, म्हणजे गमावण्यासारखं काही नसतं. वर्णमाला मात्र ताजी असते.

संगणकात सेटिंग्जमध्ये भाषा या भागात जाऊन मराठी जोडा. नंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबले की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. नव्या विंडोजमध्ये मराठीचा 'फोनेटिक' कीबोर्डही येतो, तो वेगळा. निवडताना लक्ष ठेवा. स्टिकर मिळाले नाहीत तर विंडोज, कंट्रोल आणि ओ या कळा एकत्र दाबा, पडद्यावर कीबोर्ड उघडतो आणि मराठी निवडलेली असेल तर त्यावर मराठी अक्षरं दिसतात.

पहिला आठवडा फक्त मधल्या ओळीचा. उजव्या हाताला प, र, क, त, च, ट. डाव्या हाताला ओ, ए, उ यांच्या मात्रा, पहिली वेलांटी आणि हलन्त. एवढ्यात किती शब्द होतात बघा: पोट, टोप, रोप, चोर, केर, चिकट, तुरे, कोरे. जोडाक्षरंसुद्धा: पत्र, चित्र, चक्र, रक्त. इंग्रजीच्या मधल्या ओळीत 'ए' हा एकच स्वर आहे, त्यामुळे तिथे मुलाला अर्थपूर्ण शब्द मिळायला वेळ लागतो. आपल्याकडे पहिल्याच तासाला 'चिरोटे' लिहून होतं, तेही एकदा उजवा एकदा डावा हात अशा तालात. पोरं हसतात. हसू द्या.

या पंधरवड्यात वेग मोजू नका, गुण देऊ नका. हाच सगळ्यात कठीण भाग, कारण आपल्याला प्रत्येक गोष्टीचा तक्ता भरायची सवय लागली आहे. एका संगणकावर दोन मुलं बसवा. बहुतेक शाळांत तसंही तेवढेच संगणक चालू असतात, तर त्या अडचणीचा उपयोग करून घेऊ. एकाने अक्षर फोडून सांगायचं, दुसऱ्याने मारायचं, मग बदली. आणि शक्य असेल तर शिक्षकानेही त्यांच्यासोबत पहिल्यापासून शिकावं. शाळेची माहिती ऑनलाइन भरताना आपण सगळेच इंग्रजी अक्षरांनी काम भागवतो. सरही आपल्याएवढेच हळू आहेत हे दिसलं की मुलांचा संकोच जातो.

पालकांना एक विनंती. घरी संगणक असेल तर मुलाला रोज दहा मिनिटं मराठीत काहीतरी खरं लिहायला सांगा. किराणा मालाची यादी चालेल, मामाला पत्र चालेल. ज्याचा कुणाला उपयोग नाही असं लिहायला मुलाला कंटाळा येतो, आणि तो योग्यच आहे. ज्यांच्या घरात दुसरी भाषा आहे त्यांच्यासाठी आणखी एक गोष्ट. नगर शहरात पद्मशाली समाजात तेलुगू बोलणारी घरं आहेत. इनस्क्रिप्ट सगळ्या भारतीय लिप्यांना सारखी आहे, मराठीत 'क' जिथे तिथेच तेलुगूचा 'क'. एका मांडणीत आजीची भाषाही हाताशी येते, लिपी तेवढी शिकायची.

आणि बोलून टाइप करणं?

हा प्रश्न पालक हमखास विचारतात. मोबाइल ऐकून लिहितो, मग हे कशाला? बोलून लिहिणं वाईट नाही. आपल्या नेवाशात ज्ञानेश्वर सांगत गेले आणि सच्चिदानंदबाबा लिहीत गेले, असं आपण परंपरेने मानतो. पण तिथे ऐकणाऱ्याला शब्द ठाऊक होता. मोबाइलने लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे कुणाला तरी कळावं लागतं, आणि ते कळायला अक्षर कधीतरी स्वतःच्या बोटातून गेलेलं असावं लागतं.

र्‍हस्व-दीर्घ, न-ण, ल-ळ, आणि 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांतला फरक. यादीतून शब्द उचलणाऱ्या मुलासाठी हे सगळे निर्णय यंत्र घेतं. इनस्क्रिप्टमध्ये ते मुलाला घ्यावे लागतात. 'दुसऱ्या' लिहिताना साधा र मारायचा की शिफ्टने येणारा, 'जे'च्या कळेवरचाच दुसरा ऱ, हे आधी ठरवावं लागतं. त्यासाठी तो शब्द ऐकावा लागतो. मला विचाराल तर या कीबोर्डचा शाळेसाठी खरा उपयोग हाच. नोकरी मिळाली तर ती वरकड.

दुसऱ्या आठवड्यासाठी सरावाला जिल्ह्यातल्या १४ तालुक्यांची नावं द्या: अकोले, संगमनेर, कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा, शेवगाव, पाथर्डी, नगर, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, जामखेड. यांत बहुतेक मात्रा येतात, अनुस्वार येतो, श्र येतो, रफार येतो. इंग्रजीत लिहिलेलं 'पारनेर' बाहेरचा माणूस 'पार्नेर' वाचू शकतो आणि 'पाथर्डी'चं 'पाथरडी' होऊ शकतं. इथे हलन्त कुठे द्यायचा हे मुलालाच ठरवायचं असतं. जिल्ह्याचं नवं नावही घ्या: अ, ह, पहिली वेलांटी, ल, हलन्त, य, काना, न, ग, र. दहा कळा, शिफ्ट एकदाच, सुरुवातीच्या 'अ'ला. ळ आणि ऱ मात्र या नावांत सापडत नाहीत. त्यांच्यासाठी अकोले तालुक्यात जायचं आणि मुलांना हे वाक्य द्यायचं: 'कळसूबाईचं शिखर उतरून आम्ही दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याला गेलो.'